किती जवळ उभं राहायचं?

कॉलेजातल्या मुलांनी केलेल्या पहिल्यावहिल्या शॉर्टफिल्म ओळीने बघायला बसलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. चेहरे भरपूर दिसतात, जागा फारशा दिसत नाहीत. नायिका रडते, की चेहरा. मित्र चिडतो, की चेहरा. दोघं बोलत असतील तर आळीपाळीने दोघांचे चेहरे. दहा मिनिटांनी फिल्म संपते, तेव्हा हे सगळं घरात घडलं की बागेत, ती दोघं एकमेकांपासून किती लांब उभी होती, त्यांच्या आसपास कोणी होतं की नाही, यातलं काहीच आठवत नाही.

बडोद्याच्या सयाजीगंजात राहून, तिथल्या वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत बसून फिल्म करणाऱ्यांच्या बाबतीत मला याची जास्तच हळहळ वाटते. चालत जाण्याच्या अंतरावर रेल्वे स्टेशन आहे. महाराजा सयाजीरावांनी 1879 साली लोकांसाठी खुली केलेली कमाटी बाग आहे, बागेत म्युझियम आणि चित्रदालन आहे, बाहेर काळ्या घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा आहे, पुलाखालून विश्वामित्री वाहते आणि जवळच युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीचा, वास्तुविशारद चिझमच्या आराखड्यातला घुमट आहे. एवढं सगळं हाताशी असताना पडद्यावर मात्र फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी येते.

या गावाशी या विषयाचं जुनं नातंही आहे. धुंडिराज गोविंद फाळके 1886 साली थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्यांचं चित्रकलेचं एक वर्ष झालं होतं. इथल्या कलाभवनात तैलरंग आणि जलरंगांचा अभ्यास त्यांनी 1890 साली पुरा केला आणि त्याच वर्षी कॅमेरा विकत घेऊन फोटो काढणं, धुणं, छापणं सुरू केलं. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी पुढे संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळाच त्यांना वापरायला दिली. मग ते गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून गेले. तिथे प्लेगात बायको आणि मूल दगावलं, तेव्हा पुन्हा बडोद्याला आले. पण इथे धंदा चालेना. फोटो काढला की अंगातली शक्ती कॅमेऱ्यात ओढली जाते आणि माणूस मरतो, अशी वदंता शहरभर पसरली होती. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदेही रंगवले.

पौराणिक चित्राचा कॅनव्हास, स्टुडिओतला उभा फोटो आणि नाटकाचा पडदा, या तीन गोष्टींवर फाळक्यांची नजर तयार झाली. तिन्हींत माणूस अखंड असतो, डोक्याच्या पागोट्यापासून पायातल्या जोड्यांपर्यंत. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज उपलब्ध असलेला भाग बघताना हे स्पष्ट दिसतं. कॅमेरा एका जागी ठाम उभा आहे. रंगमंचासमोर मधल्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला दिसावं तसं दिसतं. राजा, राणी, रोहिदास, सेवक सगळे एकाच चौकटीत, सगळ्यांचे पाय जमिनीवर. त्या काळी जगभर बहुतेकांचं असंच चालायचं. पण ही चौकट अडाणीपणातून आलेली नाही. माणसाचा तोल, त्याचं उभं राहणं, कोण कोणाच्या उजव्या हाताला आहे, कोणापुढे कोण वाकतं, हे सगळं त्या एका चौकटीत वाचता येतं.

जवळून दिसणारा चेहरा सिनेमात आला तो काहीसा बिचकत आला. इंग्लंडात जी. ए. स्मिथने 1900 साली ‘ग्रँडमाज रीडिंग ग्लास’ नावाची छोटी फिल्म केली. तिच्यात आजीचं भिंग हातात घेऊन नातू एकेक वस्तू बघतो आणि त्या वस्तू, आजीचा डोळासुद्धा, गोल चौकटीत मोठ्या होऊन दिसतात. म्हणजे एवढं जवळ जायला त्याला भिंगाचं निमित्त लागलं. फाळक्यांच्या 1919 सालच्या ‘कालिया मर्दन’मध्येही तसंच आहे. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, लहानग्या मंदाकिनीने केलं होतं. चित्रपटाच्या सुरुवातीला, कथा सुरू होण्याआधी, तिचा एकटीचा चेहरा येतो. ती एकामागून एक भाव दाखवते आणि मग हळूहळू त्या मुलीच्या जागी कृष्ण दिसू लागतो. क्लोजअप आहे, पण गोष्टीच्या उंबरठ्यावर ठेवलेला. पूर्वी ज्यांना इतकं जवळ जायला कारण शोधावं लागत होतं, त्यांच्याकडून आजच्या विद्यार्थ्याने घ्यावी अशी हीच गोष्ट आहे: जवळ जायचं तर का जायचं, हे आधी ठरवायला हवं.

शॉटची नावं कुठल्याही कार्यशाळेत पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिली जातात आणि ती पाठ करायला अर्धा तास पुरतो. लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, मधले उपप्रकार, झालं. कठीण भाग पुढे आहे. कॅमेरा एकेक पाऊल जवळ जातो तेव्हा काय काय हातातून निसटतं, ते बघायला शिकावं लागतं.

एक्स्ट्रीम लाँग शॉटमध्ये माणूस ठिपक्याएवढा असतो आणि जागाच बोलते. कमाटी बागेच्या हिरवळीवर दुपारी एकटा बसलेला मुलगा तसा दिसला तर त्याचं एकटेपण सांगायला संवाद लागत नाही. फुल शॉटमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, म्हणून चाल कळते: लंगडणं, घाई, रेंगाळणं, चपलेचा तुटलेला अंगठा. मांडीच्या मध्यावर चौकट कापली की पाय जातात, पण हात राहतात. वेस्टर्न चित्रपटांत कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून हा आकार फार वापरला गेला, त्यामुळे आपल्याकडेही युनिटवर त्याला काऊबॉय शॉट म्हणतात. कमरेच्या थोडं वर कापलं की मिड शॉट. हात वर उचलले तरच दिसतात, पण चेहरा वाचता येऊ लागतो. छातीच्या मध्यावर कापलं की मिड क्लोजअप. इथे हात गेले, खोलीही जवळजवळ गेली. क्लोजअपमध्ये माणूस आणि त्याचं मन एवढंच उरतं. त्याच्याही पुढे जाऊन नुसते डोळे, नुसती बोटं दाखवायची, तर बघणाऱ्याला बाकी काही बघण्याची मुभाच राहत नाही.

कापायचं कुठे याचा एक साधा संकेत आहे. सांध्यावर कापू नये. गुडघा, घोटा, मनगट, मान यांवर चौकटीची कड आली की अवयव तोडल्यासारखा दिसतो. मांडी, पोटरी, दंड, छाती अशा दोन सांध्यांच्या मधल्या जागी कड आली की शरीर चौकटीबाहेरही तसंच चालू आहे असं डोळा मानून घेतो.

हे सगळं कॅमेऱ्याशिवाय शिकता येतं. जाड पुठ्ठ्यात 16 सेंटिमीटर रुंद आणि 9 सेंटिमीटर उंच खिडकी कापा. एक डोळा मिटून ती डोळ्यासमोर धरा. डोळ्यापासून साडेअकरा सेंटिमीटरवर धरली तर साधारण मोबाइलच्या मुख्य लेन्सला दिसतं तेवढं दिसेल. बावीस सेंटिमीटरवर धरली तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या 50 मिमी लेन्सएवढं, अडतीसवर धरली तर 85 मिमीएवढं. हा पुठ्ठा घेऊन बागेतल्या म्युझियममध्ये जा. तिथे निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला तो मासा होता. तो खिडकीत पुरता बसवायचा तर मागे मागे सरकावं लागतं, आणि पुरता बसला की तो केवढा मोठा आहे हे दिसेनासं होतं. मोजायला शेजारी काही नसतं ना! कोणी शाळकरी मुलगा जबड्यापाशी येऊन उभा राहिला, की त्याच चौकटीत माशाचा आकार एकदम उमगतो. त्याच म्युझियममध्ये 1951 साली आकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. लांबून त्यांची उभं राहण्याची ढब कळते. खिडकी लांब धरून चेहऱ्यावर आणली की ओठांची ठेवण दिसते आणि ढब हरवते. दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि शॉटच्या आकारांचं सगळं शास्त्र या अडचणीतून निघालेलं आहे.

आता एक प्रसंग घेऊ. रावपुऱ्यातले एक आजोबा नातीला गाडीवर बसवायला निघालेत. ती पुण्याला शिकायला चालली आहे. आजोबांना तिच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे आहेत, तिला ते घ्यायचे नाहीत. एवढीच गोष्ट. फलाटावर शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी लागते, म्हणून प्रसंग सयाजीगंजाच्या बाजूला, स्टेशनबाहेर रिक्षा थांबतात तिथे घडवू.

पहिल्या प्रयत्नात मुलं हा प्रसंग असा लावतात: आजोबांचा क्लोजअप, “हे ठेव.” नातीचा क्लोजअप, “नको हो आजोबा.” पुन्हा आजोबा, पुन्हा नात. संवाद सगळे आले, पण नोटा कोणाच्या हातात आहेत ते दिसलं नाही, गर्दी दिसली नाही, जायची वेळ झाली आहे हेही जाणवलं नाही.

मी तो असा लावीन. आधी रस्त्यापलीकडून लाँग शॉट. रिक्षा थांबते. नात उतरते, दोन्ही बॅगा तीच घेते. आजोबा मागून उतरतात. ती चार पावलं पुढे जाते, थांबते, मागे बघते. दोघांमधून माणसं, हमाल, दुसरी रिक्षा जाते. चेहरे नीट दिसत नाहीत, पण तिची घाई आणि त्यांची संथ चाल एका चौकटीत आहे. निरोपाचं निम्मं काम इथेच होतं. मग दोघं एकत्र, मांडीपर्यंत. पैसे देणं आणि नाकारणं हा हातांचा प्रसंग आहे, म्हणून हात चौकटीत हवेतच. ते घडी घातलेल्या नोटा पुढे करतात, ती त्यांचा हात परत लोटते, ते पुन्हा पुढे करतात. हा शॉट मध्ये न कापता चालू द्यावा, कारण लोटालोटीची गंमत ती सलग बघण्यात आहे. नंतर एक इन्सर्ट: ती वळून वेळ बघत असताना आजोबांची बोटं तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात नोटा सरकवतात आणि चेन ओढून घेतात. “पोचलीस की फोन कर हं,” म्हणताना आजोबांचा मिड क्लोजअप, आणि तिथेच थांबायचं. त्यांच्या डोळ्यांत आणखी शिरायचं नाही. पूर्ण क्लोजअप एकच, तिचा, गाडीत बसल्यावर कप्प्यात हात घातल्यानंतरचा. खिडकीशेजारची ती जागा कुठल्याही खोलीत उभी करता येते, त्याला परवानगी लागत नाही. आधी कुठल्याच चेहऱ्याच्या इतकं जवळ गेलेलो नसल्यामुळे त्या एका चेहऱ्याला बळ येतं. आकाराला अर्थ येतो तो त्याच्या आधीच्या आकारामुळे. सगळंच जवळून दाखवलं तर जवळ जायला जागाच उरत नाही.

या दोघांचं बोलणं चित्रित करताना आणखी एक पथ्य आहे. आजोबा आणि नात यांच्यामध्ये जमिनीवर एक रेघ ओढली आहे असं समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. मग आजोबा सगळ्या शॉटमध्ये उजवीकडे बघतील आणि नात डावीकडे, आणि वेगवेगळे शॉट जोडले तरी ती दोघं समोरासमोर उभी आहेत असं वाटेल. नकळत रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात आणि तिसऱ्याच कोणाशी बोलताहेत असा भास होतो. ज्या बाजूला माणूस बघतो त्या बाजूला चौकटीत थोडी मोकळी जागाही सोडावी. नाक कडेला टेकलं की गुदमरल्यासारखं होतं. डोक्यावर मात्र जागा बेताचीच ठेवावी. नवख्यांच्या हातून नेमकं उलट होतं, कारण ते चेहरा चौकटीच्या मधोमध आणतात. डोळे वरच्या एक तृतीयांश उंचीवर आणले की डोक्यावरचा मोकळा पट्टा आपोआप कमी होतो.

मोबाइलवर शूट करणाऱ्यांना एक हिशेब ठाऊक असायला हवा. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, फुल फ्रेमच्या भाषेत साधारण 24 ते 28 मिमी. तिच्यातून छातीपर्यंतची चौकट हवी असेल तर माणसापासून पाऊण मीटरवर जावं लागतं, नुसता चेहरा हवा असेल तर अर्ध्या मीटरवर. नाकाच्या टोकापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागे असतात असं धरू. कॅमेरा नाकापासून 50 सेंटिमीटरवर असेल तर कान 62वर, म्हणजे कानांच्या मानाने नाक चोवीस टक्के मोठं उमटतं. दोन मीटरवरून घेतलं तर हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. क्लोजअपमध्ये चांगला देखणा मित्र विचित्र दिसतो त्याचं कारण हे. दोष बहुतेक लोक लेन्सला देतात, पण चेहऱ्याचं हे बिघडणं फक्त अंतरावर ठरतं. लेन्स फक्त चौकटीत किती मावेल ते ठरवते. म्हणून मागे सरकून टेलि लेन्स किंवा दुप्पट झूम वापरावा. तेवढ्याच आकाराच्या चेहऱ्यामागे मग पार्श्वभूमीही वेगळी दिसते. जवळून रुंद लेन्सने घेतलं तर मागचा आर्ट्स फॅकल्टीचा घुमट लांब, लहानसा होतो. लांबून टेलिने घेतलं तर तोच घुमट माणसाच्या खांद्यामागे येऊन उभा राहतो. शिकायला निघालेल्या मुलीच्या मागे कॉलेजची इमारत दडपण आणणारी हवी की दूरचं स्वप्न, हे कॅमेरामन किती पावलं मागे जातो यावर ठरतं.

आडवा मोबाइल धरावा की उभा, याचंही उत्तर माणसं किती यात आहे. उभ्या चौकटीत एक माणूस छान मावतो. दोघांमधलं अंतर दाखवायचं असेल तर ती अपुरी पडते.

लांब उभं राहण्याचं धैर्य शिकायला मराठीत उत्तम धडे आहेत. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’च्या बोलपट आवृत्तीतला अंधुक उजेडातल्या झोपडीचा, कुत्र्याचं रडणं ऐकू येणारा लाँग शॉट बघणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिला. नागराज मंजुळ्यांच्या ‘फँड्री’त नायक जब्याच्या घरची माणसं बांधलेलं डुक्कर काठीवरून वाहून नेतात, आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांचं, सावित्रीबाईंचं चित्र आहे. तिथे जब्याच्या चेहऱ्यावर क्लोजअप घेतला असता तर त्याचं दुःख दिसलं असतं, भिंत दिसली नसती. चौकट रुंद ठेवल्यामुळे दोन्ही एकाच वेळी समोर येतात आणि दिग्दर्शकाला काही म्हणावंच लागत नाही. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाची खोली कॅमेरा दूर आणि स्थिर ठेवून दाखवली आहे. आरोपी, वकील, कारकून, पुढच्या तारखेची वाट बघत बाकावर बसलेली माणसं सगळी सारख्याच अंतरावर. व्यवस्थेला कोणाच्याच चेहऱ्यात रस नाही हे त्या अंतरातून कळतं. हे तिन्ही चित्रपट एका विद्यार्थ्याच्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेले असावेत असं मला मनापासून वाटतं.

काही वेळा तर तोडून दाखवणं पुरतं चुकीचं ठरतं. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ याने यावर एक नेमकं निरीक्षण मांडलं आहे: प्रसंगाचा जीव जर दोन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी असण्यात असेल, तर त्या वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवू नयेत. त्याने उदाहरण दिलं ते एका इंग्रजी चित्रपटाचं. त्यात सिंहाचा छावा घेऊन निघालेला मुलगा आणि त्याच्या मागावर असलेली सिंहीण आधी वेगवेगळ्या शॉटमध्ये दिसतात, आणि मग एका चौकटीत. त्या एका चौकटीत आल्यावरच धोका खरा वाटतो.

सयाजीगंजच्या मुलांना हा पाठ गिरवायला सिंह लागत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत. हिवाळ्यात ऊन खायला त्या काठावर येऊन पडतात आणि लोक पुलाच्या कठड्याशी थबकून बघतात. मगरीचा टेलि शॉट, मग कठड्यावरच्या मुलाच्या घाबऱ्या डोळ्यांचा क्लोजअप, मग पुन्हा मगर, असं केलं तर मगर कुठल्या माहितीपटातूनही आणता येईल आणि प्रेक्षकाला ते कळेल. पण पुलावरच कठड्याला लागून बाजूला सरकून कॅमेरा कठड्याबाहेर किंचित खाली झुकवून लावला, की चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात मुलगा आणि कठडा येतो, आणि खाली चिखलात, बोटभर लांबीची, मगर. पहिले काही क्षण प्रेक्षकाला ती लाकडाचा ओंडकाच वाटेल. शॉट तोडायचा नाही, झूम करायचा नाही, नदीकडे खाली उतरायचं तर मुळीच नाही. ती हलेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा.